जिन्याखालचं कृतज्ञता दालन

सोमवार, ता. ३

नवी वही सुरू केली. जुन्या वहीची शेवटची चाळीस पानं साथीनं खाल्ली. कोण आजारी, कोण बरा, कोण गेला. ती पुन्हा उघडायची नाही.

काल समितीची बैठक झाली. एरवी आमच्या बैठकीत पाण्याची टाकी आणि गाड्या लावायची जागा यापलीकडे विषय जात नाही. काल मी उठलो आणि म्हणालो, "साथ संपून वर्ष झालं. तोंडावरच्या पट्ट्या गेल्या, दाराबाहेरच्या बादल्या गेल्या. त्यांच्याबरोबर आपली लाजही गेली काय?" सगळे चपापले. मी थांबलो नाही. अठ्ठेचाळीस बिऱ्हाडं दारं लावून आत बसली होती, तेव्हा ही इमारत कोणी जिवंत ठेवली? जिने झाडणाऱ्या मावशींनी, फाटकावरच्या वॉचमननं आणि कचरेवाल्यानं. एकाहत्तर दिवस तिघं घरी गेले नाहीत. मावशी जिन्याखालच्या खोलीत राहिल्या, ते दोघे फाटकाजवळच्या केबिनमध्ये. दर दोन तासांनी कठडे पुसले, आठव्या मजल्यापर्यंत पिशव्या वाहिल्या. हिला आणि मला एकदमच ताप आला तेव्हा मावशीच सामान आणून दाराबाहेर ठेवायच्या. (आत मला घोट घोट पाणी पाजणारी ही. स्वतः तापलेली असताना उठायची. ते मी बैठकीत बोललो नाही, घरातली गोष्ट.)

ठराव एकमतानं झाला. २७ तारखेला, गुरुवारी, राष्ट्रीय दिन आहे. त्या दिवशी कृतज्ञता सोहळा. संयोजक मी. अध्यक्ष म्हणाले, "तुमच्याशिवाय हे कोण करणार?" खरं आहे.

तीस वर्षं बँकेच्या कर्मचारी संघटनेचा सरचिटणीस होतो. बँकेतल्या बायकांना विश्रांतिकक्ष मिळावा म्हणून अकरा दिवस धरणं धरलं आणि मिळवला. "ज्या संस्थेला आपल्या माणसाचं शरीर दिसत नाही, तिला त्याचं काम मागायचा हक्क नाही." हे माझं वाक्य तेव्हा भिंतीभिंतींवर रंगवलं गेलं होतं. रक्त अजून गरम आहे. रक्तदाबाची गोळी घेतो ती गोष्ट वेगळी. डॉक्टरांनी ती बदलून दिल्यापासून सकाळी तासातासाला बाथरूम गाठावं लागतं, एवढाच काय तो त्रास.

बुधवार, ता. ५

प्रशस्तिपत्र द्या, मिठाईचा पुडा द्या, अशा सूचना आल्या. मी सगळ्या फेटाळल्या. पुडा दोन दिवसांत संपतो. कृतज्ञता टिकाऊ हवी.

आज जिना उतरताना सुचलं. जिन्याखालची ती खोली! आठ फूट बाय सहा फूट. एक बाकडं, एक नळ, चार खुंट्या, कोपऱ्यात अर्ध्या दाराआड संडास. मावशी तिथं कपडे बदलतात, डबा खातात. घरोघरी कामाला येणाऱ्या स्वयंपाकाच्या बाई आणि दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांची आयाही तिथंच येऊन जातात. पण साथीच्या काळात याच खोलीत त्यागाचा इतिहास घडला. अशी जागा अशी कळकट ठेवायची? तिथं दालन करायचं. नवी फरशी, भिंतीवर तिघांचे फोटो, समोर कोरीव पाटी.

लगेच जाऊन मावशींना सांगितलं. इमारतीत त्यांना अहो-जाहो करणारा मी एकटाच, हे नमूद करतो.

"मावशी, तुमची खोली आता इतिहासात जाणार!"

त्या बाकड्यावर बसून डबा खात होत्या. म्हणाल्या, "आणि मी कुठं जाणार, काका?"

"तुम्ही? तुम्ही तर थेट भिंतीवर! मोठा फोटो लागणार तुमचा."

"फोटो होय," त्या म्हणाल्या. डब्याचं झाकण लावलं. "बरंय मग. फोटोला भूक नाही, तहान नाही, नि बाकीचंही काही नाही."

त्यांना विनोदाचं अंग आहे, हे मी नेहमी म्हणतो. वाक्य भाषणात घेण्यासारखं आहे. शेवटचे चार शब्द गाळून.

शनिवार, ता. ८

अध्यक्षांचं फरशांचं दुकान आहे. त्यांनी उरलेल्या फरशा दिल्या. देणगीदार म्हणून कोपऱ्यात नाव कोरायचं, एवढीच अट.

गवंडी मापं घ्यायला आला. मापं घेता घेता विचारतो, "साहेब, भांडं ठेवायचं का काढायचं?"

"कृतज्ञता दालनात संडास? लोक काय म्हणतील?"

"लोकांचं असू द्या. ही माणसं जाणार कुठं?"

गवंड्यानं ओळंबा धरावा, प्रश्न धरू नयेत. तरी मी शांतपणे सांगितलं की पर्यायी सोयीचा समिती सकारात्मक विचार करणार आहे, पुढच्या टप्प्यात.

"पुढचा टप्पा कधी?"

"सोहळ्यानंतर."

"पोटाला टप्पे कळत नाहीत, साहेब," म्हणाला आणि कानावरची पेन्सिल काढून भिंतीवर रेघ मारली.

दुपारी जेवताना हिनं तोच विषय काढला. "मग तोवर त्या बायका आपल्या वर येऊन जातील ना? आपण दोघंच तर असतो."

मी तिला नियम सात दाखवला. 'कामगारांनी कोणत्याही घरातील स्वच्छतागृह वापरू नये.' साथीत मीच लिहिला, सर्वांच्या हितासाठी, कामगारांच्याही. "अहो, पण साथ गेली ना?" म्हणाली. साथ गेली, नियम आहे. तो काढायचा तर विषयपत्रिकेवर यावा लागतो, सूचक लागतो, अनुमोदक लागतो. हिला सगळी कार्यपद्धती समजावून दिली. तिनं पूर्ण ऐकून घेतली आणि ताटं उचलली. चाळीस वर्षांच्या संसारात हिचा विरोध एकदाही नोंदला गेलेला नाही.

मंगळवार, ता. ११

खोली मोकळी झाली. भांडं फुटलं, अर्धं दार निघालं, नळ बंद केला. सगळा राडारोडा मावशींनीच घमेल्यांनी बाहेर नेला. स्वतःच्या सन्मानाच्या वास्तूला स्वतःचे हात लागले! भाषणात घेणार.

त्यांचं सामान एका पिशवीत मावलं. कामाचे कपडे, कंगवा, साबणाची डबी. डबा आता पार्किंगमध्ये अध्यक्षांच्या गाडीआड बसून खातात. मी म्हटलं, "थोडे दिवस कळ सोसा हं."

"कळच सोसतेय, काका," म्हणाल्या.

गुरुवार, ता. १३

माझा ग्रंथालयाचा दिवस. दर गुरुवारी दहा ते एक. श्रमप्रतिष्ठेवर जुनी पुस्तकं चाळली, चांगली चार वाक्यं मिळाली.

घरी आलो तर बाथरूमची फरशी ओली. माझी आंघोळ सकाळी नऊला, हिची त्याआधी. एक वाजता फरशी ओली कशी? हिला विचारलं. म्हणाली, नळ गळत असेल.

शनिवार, ता. १५

एक चिंतेची गोष्ट ध्यानात आली. मावशी पाणी पीत नाहीत. आमच्या मजल्यापर्यंत जिना झाडत आल्या की मी दार उघडून तांब्या-भांडं पुढं करतो. पूर्वी घटाघटा पीत. या आठवड्यात रोज, "नको काका, तहान नाही." आज मी आग्रह केला. एवढे जिने झाडून तहान नाही? त्यांनी ओठ भिजवण्यापुरता घोट घेतला आणि भांडं परत केलं. ओठ सुकलेले होते.

साधी माणसं आरोग्याबाबत अशी बेफिकीर असतात. त्यांना दोष देऊन उपयोग नाही, सवय लावली पाहिजे. यातूनच भेटवस्तू सुचली. तिघांनाही स्टीलची एकेक लिटरची बाटली, वर 'कृतज्ञ' असं कोरून. एका दगडात दोन पक्षी, सन्मान आणि आरोग्य. अध्यक्षांना फोनवर सांगितलं. "तुमचं डोकं म्हणजे!" म्हणाले.

हिला सांगितलं. ती भाजी निवडत होती, ती बाजूला सारली. मग म्हणाली, "अहो, तुम्ही रोज एखादा तास कुठंतरी बाहेर जात जा ना."

निवृत्त माणसाला घरात असं ऐकून घ्यावं लागतं. माझी खुर्ची हॉलच्या मधोमध आहे, उजेड तिथंच चांगला येतो. सोहळ्याचं भाषण लिहायचं कुठं, पार्किंगमध्ये?

मंगळवार, ता. १८

मावशी कालपासून आल्या नाहीत. जिन्यात धूळ, दुसऱ्या मजल्यावर कोणाच्या तरी पोरानं सांडलेलं सरबत, त्यावर मुंग्या. सोहळा नऊ दिवसांवर.

वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, "ताप भरलाय. ओटीपोटात दुखतंय म्हणे. उभं राहवत नव्हतं परवा."

"डॉक्टरला दाखवलं का?"

"दाखवलं. डॉक्टर म्हणाले, भरपूर पाणी पी."

पाहा! मी तेच म्हणत होतो. बाटलीची निवड किती अचूक ठरली, हे हिला सांगायला वर गेलो. ही आत पडून होती. डोकं दुखतंय म्हणाली, आणि माझ्याशी दिवसभर बोलली नाही.

शुक्रवार, ता. २१

मावशी काल परत आल्या. चेहरा उतरलाय, चाल मंद. विचारलं, बरं आहे का. "बरंय. काका, २७ला सुट्टी असते ना सगळ्यांना?"

"असते की. राष्ट्रीय दिन!"

"मग मला पण मिळेल का? झोपेन म्हणते दिवसभर."

मला भरून आलं आणि हसूही आलं. "अहो मावशी, सोहळा कोणाचा आहे? नवरीनंच लग्नाला सुट्टी मागावी तसं झालं हे!"

"तेही खरंच," म्हणाल्या. "नवरीला विचारतं कोण."

काल गुरुवार. मी ग्रंथालयातून आलो तर बाथरूम पुन्हा ओलं. आता मात्र मी प्लंबरला बोलावलं. त्यानं आज अर्धा तास सगळं तपासलं. नळ ठीक, टाकी ठीक, जोड ठीक. "काका, हे पाणी नळाचं नाही, वापराचं आहे."

"पण वापरणार कोण?"

त्यानं हिच्याकडं पाहिलं. हिनं त्याला चहा दिला. विषय तिथंच राहिला. गळती फक्त गुरुवारी होते, यामागं पाण्याचा दाब असावा. गुरुवारी टाकी धुतात.

रविवार, ता. २३

पाटी आली. काळा दगड, सोनेरी अक्षरं. मजकूर माझा.

'तुम्ही होतात म्हणून आम्ही आहोत. आमची दारं तुमच्यासाठी सदैव उघडी.'

जिथं पूर्वी भांडं होतं त्याच्या बरोबर वर लावली. दालनाला कुलूप घातलं. उघडं ठेवलं तर कोणी आत जाऊन बसेल.

बुधवार, ता. २६

भाषण बारा मिनिटांचं. आरशासमोर चार वेळा म्हटलं. 'शरीर' असलेलं जुनं वाक्य शेवटाकडं ठेवलंय, तिथं टाळी नक्की. ही म्हणाली, उद्या ती गोळी कार्यक्रमानंतर घ्या. डॉक्टरांनी सकाळी आठ सांगितलंय. शिस्त म्हणजे शिस्त.

गुरुवार, ता. २७

हे सगळं लिहावं की नाही, यात संध्याकाळ गेली. पण वहीला खोटं सांगायचं तर वही कशाला?

सत्कारमूर्ती सहालाच आले. खुर्च्या त्यांनीच मांडायच्या होत्या. आठला गोळी घेतली. साडेआठपासून पाहुण्यांचं स्वागत, प्रत्येकाबरोबर अर्धा कप, असा तीन-चार कप चहा झाला. नऊला ध्वज चढला. मग अध्यक्षांचं प्रास्ताविक. पाच मिनिटं ठरली होती. माणूस फरशीच्या इतिहासात शिरला आणि चाळीस मिनिटांनी बाहेर आला. मग दालनाचं उद्घाटन. फीत मावशींच्या हातून. कात्री चालेना, त्या म्हणाल्या, "झाडूनं तोडू का?" सगळे हसले. मग बाटल्या. तिघांच्या हातात भरलेल्या एकेक लिटरच्या बाटल्या, टाळ्या, फोटो. मावशींनी बाटली मांडीवर धरली, दोन्ही हातांनी, एखादं दुसऱ्याचं मूल धरावं तशी.

मी माईकसमोर उभा राहिलो तेव्हा दहा वाजून दहा झाले होते. "मित्रहो," म्हणालो. दोन वाक्यं म्हणालो. तिसऱ्या वाक्याला मला कळलं की आता शक्य नाही.

अनेक संपांत उभा राहिलोय. पोलिसांच्या काठीसमोर उभा राहिलोय. पण हे वेगळं. कपाळावर घाम आला. कागद अध्यक्षांच्या हातात दिला, "घसा बसला, पुढचं वाचा," म्हणालो आणि उतरलो.

पाय कुठं गेले? जिन्याखाली. स्वतः पाडून घेतलेल्या संडासाकडं पाय आपोआप गेले. बागेत किंवा बाजारात जाताना मी कित्येक वर्षं तोच वापरत आलो होतो, हे मला आज दार ढकलल्यावर आठवलं. आत चकचकीत फरशी. तीन फोटो. आणि समोर, नेमक्या त्या जागी, माझं वाक्य. दारं सदैव उघडी.

लिफ्टकडं धावलो, म्हणजे धावण्याइतकं जमलं तसं. लिफ्ट बंद. इलेक्ट्रिशियननं भोंग्यांची जोडणी लिफ्टच्या लाइनवरून केलेली. परवानगी मीच दिली होती. पहिल्या मजल्यावर दाताचा दवाखाना, सुट्टीमुळे बंद. बाकी सगळ्या घरांना कुलपं, कारण माणसं खाली माझं भाषण ऐकत होती. कठडा धरून उभा राहिलो. आमच्या घरापर्यंत पाच मजले.

"काका."

मावशी मागं उभ्या होत्या. पहिल्या रांगेतून उठून आल्या होत्या, बाटलीसकट. माझ्या चेहऱ्याकडं एकदाच पाहिलं. ओळखीचा चेहरा पाहावा तसं.

"जिन्याकडं नका बघू. व्हायचं नाही. चला."

मागच्या फाटकातून नेलं. शेजारी नव्या इमारतीचं काम चाललंय, भोवती पत्रे. एका जागी दोन पत्र्यांमध्ये फट आहे. आमच्या बाल्कनीतून ते पत्रे रोज दिसतात, फट कधी दिसली नव्हती.

"डोकं खाली, काका. डाव्या हाताला खिळा आहे. मागल्या आठवड्यात स्वयंपाकाच्या बाईंचा हात फाटला."

आत विटांचा ढीग, उंच गवत. "त्या ढिगाआड. मी इथं पाठ करून उभी राहते. मोठ्यानं बोलत राहते, म्हणजे आत कोणी आहे ते कळतं नि माणूस येत नाही. आम्ही बायका असंच करतो. एक आत, एक बोलायला."

आणि त्या बोलायला लागल्या. भलत्याच मोठ्यानं, समोर कोणी नसताना. "अगं काय सांगू तुला, भावानं काय केलं या वेळी! म्हणतो, तुझा सत्कार आहे तर येताना माझ्यासाठी पण खुर्ची ठेव! मी म्हटलं, खुर्ची मीच मांडणार आहे, दोन मांडते!"

मी विटांआड उभा होतो. अंगात कोट, कोटावर 'संयोजक' असा बिल्ला. आणि भोंग्यातून, इमारतीवरून, पत्र्यांवरून अध्यक्षांच्या आवाजात माझं भाषण येत होतं. "फोटोला भूक नाही, तहान नाही..." हशा. मग थोडं थांबून, "ज्या संस्थेला आपल्या माणसाचं शरीर दिसत नाही, तिला त्याचं काम मागायचा हक्क नाही!"

टाळी पडली. आयुष्यभरात माझ्या वाक्याला पडलेली सगळ्यात मोठी टाळी. संपेचना. माझंही संपेना.

बाहेर आलो तेव्हा मावशींनी भाऊ आवरता घेतला. बाटलीचं झाकण उघडलं, "धरा हात," म्हणाल्या, आणि नव्या बाटलीचं पाणी माझ्या हातावर ओतलं. बरंच ओतलं.

"अहो, पुरे. तुम्हाला प्यायला ठेवा."

"मी नाही पीत, काका. दिवसातनं एकदाच यायचं म्हटलं की पाणी सोडावं लागतं."

"आणि दुसऱ्यांदा लागलं तर?"

"तर धरून ठेवायचं. मग ताप येतो." झाकण फिरवून घट्ट केलं. "चला, डोकं खाली. खिळा."

आम्ही परत आलो तेव्हा आभारप्रदर्शन चाललं होतं. अध्यक्ष म्हणाले, "भावना अनावर झाल्यानं आपले संयोजक व्यासपीठावर थांबू शकले नाहीत." पुन्हा टाळ्या. लोक येऊन माझा हात हातात घेत होते. तो अजून ओला होता.

शुक्रवार, ता. २८

सकाळी हिला सांगितलं. सगळं. विटांसकट. ती हसेल असं वाटलं होतं.

मी म्हणालो, "नियम सात मी पाहून घेतो. आजपासून मावशींनी आपल्याकडं यायचं. किल्ली देतो त्यांना."

"किल्ली आहे तिच्याकडं," ही म्हणाली. "साथीपासून."

"साथीपासून?"

"आपण दोघं तापात पडलो तेव्हा दिली होती. परत मागितलीच नाही मी. तुम्हाला काय वाटतं, तुम्हाला पाणी कोण पाजत होतं? मला कूस बदलवत नव्हती. तोंडाला फडकं बांधून तीच यायची दिवसातनं चार वेळा. एक चमचा तुम्हाला, एक चमचा मला."

मी दोन वर्षं त्या पाण्याबद्दल हिचे उपकार मानत आलो. हिनंही मानून घेतले.

"सांगितलं का नाहीस?"

"नियम सात लिहून झाला होता ना तुमचा. आत आली म्हणून तिलाच काढलं असतंत."

मी म्हटलं, मी असा माणूस नाही. पुन्हा म्हटलं नाही.

"मग किल्ली होती तर ती त्या पत्र्यांमागं का जात होती?"

"तुम्ही घरी असता म्हणून! तुमची खुर्ची बाथरूमच्या दारासमोर. तुम्ही वही घेऊन बसलेले. बाईमाणूस तुमच्या पुढ्यातून आत जाईल? फक्त गुरुवारी यायची. तेवढा एक दिवस पोटभर पाणी प्यायची. मी सांगते, बस ना गं निवांत, तर म्हणायची, काकू, काकांचं ग्रंथालय किती वाजता सुटतं?"

म्हणजे गळती मीच होतो. उरलेले सहा दिवस मी त्या दारासमोर बसून कृतज्ञतेवर लिहीत होतो.

रविवार, ता. ३०

बैठक. मी दोन ठराव मांडले. नियम सात रद्द करावा, आणि जिन्याखाली होतं तसं पुन्हा करावं. पंचवीस मिनिटं बोललो. एवढं चांगलं मी बँकेतही कधी बोललो नव्हतो. डोळे पाणावले लोकांचे. टाळ्या झाल्या.

मग चर्चा. अध्यक्ष म्हणाले, "दालन उघडून तीन दिवस झालेत. आता तिथं पुन्हा संडास? मावशींच्या फोटोशेजारी? तो त्या कष्टकरी स्त्रीचा अपमान होईल!" यावरही टाळ्या झाल्या. दुसऱ्या मजल्यावरचे वकील म्हणाले, नियम सात कामगारांच्याच हिताचा आहे, असं खुद्द संयोजकांनी इतिवृत्तात लिहिलंय. मी पाहिलं. लिहिलंय.

शेवटी उपसमिती नेमली. तिनं सकारात्मक विचार करून सहा महिन्यांत अहवाल द्यायचा. उपसमितीचा प्रमुख मी.

जिन्यात मावशी भेटल्या. "काय झालं, काका?"

"उपसमिती," म्हणालो.

"म्हणजे नाही," म्हणाल्या, आणि पुढची पायरी झाडायला घेतली.

शुक्रवार, ता. ४

हे खाली बसून लिहितोय. दालनात. किल्ली संयोजकाकडंच असते.

सोमवारपासून नवी व्यवस्था आहे. ती हिनं ठरवली. सूचक ही, अनुमोदक ही. अकरा ते बारा आणि दुपारी तीन ते चार मी घराबाहेर. त्या वेळात मावशी, स्वयंपाकाच्या बाई आणि आया आमच्याकडं वर येतात. नियम सातचा उघड भंग आहे. उपसमितीचा प्रमुख म्हणून मी स्वतःला लेखी समज द्यायला हवी. ग्रंथालय रोज जाण्याइतकं जवळ नाही, बागेत ऊन. इथं गार आहे, कोणी येत नाही. उद्घाटनानंतर दालनात येऊन बसणारा मी पहिलाच. बाकडं मावशींनी कुठूनतरी परत आणून ठेवलं. तेच जुनं.

मघाशी त्या दारातून डोकावल्या. हातात बाटली, 'कृतज्ञ' कोरलेली, निम्मी रिकामी. माझ्यासमोर झाकण उघडलं आणि उरलेलं पाणी उभ्याउभ्या संपवलं. हातानं ओठ पुसले.

"काका, आज जरा वेळ लागेल हं वर. आया पण आल्यात, त्यांना पाय धुवायचेत. नि काकूंनी चहा टाकलाय आमच्यासाठी. बसाल ना?"

"बसतो की. होऊ द्या सावकाश."

"काही हवंय का? पाणीबिणी?"

"नको," म्हणालो. "तहान नाही."

त्या माझ्याकडं क्षणभर बघत राहिल्या. मग गेल्या.

समोर पाटी आहे. आमची दारं तुमच्यासाठी सदैव उघडी. अकरा वीस झालेत. गोळी आठची. आताच वर जाऊन दार वाजवणं बरं दिसणार नाही, त्यांचा चहा व्हायचाय. एक पाय दुसऱ्यावर घेऊन बसलोय, अक्षर म्हणून वाकडं येतंय.

अजून चाळीस मिनिटं.

उद्यापासून सकाळचं पाणी कमी करायला हवं.